नवीन गोल्फ सेट घ्यायचा आहे? आधी माप द्या, मग पैसे द्या (नागपूरच्या नवशिक्यांसाठी)

कंपनी कोणती घेऊ, हा प्रश्न सगळे नवीन लोक सगळ्यात आधी विचारतात आणि तो खरं तर सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. कॉलवे, टेलरमेड, टायटलिस्ट, पिंग, मिझुनो, स्रिक्सन, सगळ्याच चांगले क्लब (गोल्फच्या काठ्या) बनवतात. तुमच्या उंचीला, हाताला आणि स्विंगला कोणता क्लब बसतो हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे नागपुरात तो कोणी विचारतच नाही कारण इथे दुकानात जाऊन दहा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मारून पाहायची सोय सहज मिळत नाही, त्यामुळे लोक ऑनलाइन फोटो पाहून सेट मागवतात नाहीतर अमेरिकेतल्या भावाला सांगतात की दिवाळीला येताना एक सेट घेऊन ये. नावाजलेल्या कंपनीचा पूर्ण नवीन सेट सहज लाखाच्या वर जातो. एवढे पैसे घालताना माप न देणं मला अजिबात पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहून राहिलो.

१. आधी थोडं थांबा

शिकायला लागून दोन आठवडे झाले की नवीन सेटची घाई होते. थांबा. सुरुवातीचे काही महिने तुमचा स्विंग दर महिन्याला बदलत असतो, आज जो स्विंग मोजून शाफ्ट (क्लबची दांडी) निवडाल तो स्विंग तीन महिन्यांनी उरणारच नाही. तोपर्यंत कोणाचा जुना सेट मागून घ्या. ओळखीत कोणी आर्मीत, एअरफोर्समध्ये असेल किंवा प्रोकडे (गोल्फ शिकवणाऱ्याकडे) शिकत असाल तर जुने क्लब मिळून जातात. नाहीतर डेकॅथलॉनचा इनेसिस नावाचा स्वतःचा गोल्फ ब्रँड आहे, त्यांचा हाफ सेट सुरुवातीला पुरतो.

नियमानुसार बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, पण कमीत कमी किती याची काही अट नाही. ७ नंबरचा आयर्न, ९ नंबरचा आयर्न (मधल्या अंतराचे क्लब), पिचिंग वेज, सँड वेज (जवळून बॉल उंच उडवायचे), एक हायब्रिड (लांब आयर्नच्या जागी वापरायचा सोपा क्लब) आणि पटर (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल ढकलायचा) एवढ्यात नवशिक्या माणूस आरामात अठरा होल खेळतो. ड्रायव्हर तर मी मुद्दाम शेवटी घ्यायला सांगतो, त्याचं कारण पुढे येईलच.

एक मात्र आहे. लांबी आणि ग्रिपची जाडी या दोन गोष्टी शरीरावर अवलंबून असतात, स्विंग सुधारला तरी तुमचा तळहात काही मोठा होत नाही. म्हणून या दोन गोष्टी उधारीच्या सेटवरही पहिल्या दिवसापासून नीट पाहा. बाकीचं म्हणजे शाफ्टची फ्लेक्स (लवचिकपणा), ड्रायव्हरचा लॉफ्ट (फेस, म्हणजे बॉलला लागणारा भाग, मागे किती कललेला आहे तो कोन), लाय अँगल (तो पुढे सांगतो) हे सगळं बॉल बऱ्यापैकी हवेत उडायला लागला की.

२. घरीच पहिलं माप घ्या

नुसती उंची पुरत नाही. फिटर (क्लब मापाला बसवून देणारे) लोक मनगट ते जमीन हे माप घेतात आणि ते घरी दोन मिनिटात होते. ज्या बुटात खेळता ते घाला, फरशीवर सरळ उभे राहा, खांदे सैल, हात बाजूला नुसते लोंबू द्या, आणि दुसऱ्या कोणाला तरी मनगटाच्या घडीपासून फरशीपर्यंत टेपने मोजायला सांगा. स्वतः मोजायला वाकलात की आकडा चुकलाच म्हणून समजा.

साधारण ३४ ते ३६ इंच आलं तर पुरुषांच्या स्टँडर्ड लांबीच्या आसपासच तुमचं काम होते, स्टँडर्ड म्हणजे ७ आयर्न जवळपास ३७ इंचाचा. त्यापेक्षा माप बरंच कमी-जास्त असेल तर अर्धा इंच, एक इंच असा फरक करायला लागतो. उंची सारखी असलेल्या दोन माणसांचं हे माप वेगळं निघू शकते कारण एकाचे हात लांब असतात, आणि उंच माणसाचे हात लांब असतील तर त्याला स्टँडर्डच क्लब चालतो, हे दुकानात उंची पाहून सेट देणाऱ्याला समजत नाही.

घरातल्या बायकांसाठी वेगळं सांगतो. नवऱ्याचा जुना सेट बायकोला द्यायची पद्धत सगळीकडे आहे. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईच्या हातात पुरुषांचा पूर्ण लांबीचा, जड स्टील शाफ्टचा क्लब दिला की ती एक तर खूप खाली धरते किंवा बॉलपासून लांब उभी राहते, बॉल उडत नाही, आणि मग तिलाच वाटते की आपल्याला हा खेळ जमत नाही. असं होऊन चांगले खेळू शकणारे लोक सोडून जातात याचं मला खरंच वाईट वाटते. लेडीज क्लब साधारण इंचभर लहान असतात, हलका ग्रॅफाइट शाफ्ट असतो, त्यांनीच सुरुवात करू द्या. मुलांचंही तसंच, मोठ्यांचा क्लब कापून देऊ नका, तो लहान होतो पण हलका आणि लवचिक होत नाही. मुलांचे सेट वयावर नाही, उंचीवर घ्या.

३. ग्रिप

सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात दुर्लक्षित. उजव्या हाताने खेळणाऱ्याने क्लब फक्त डाव्या हातात नेहमीसारखा धरायचा आणि पाहायचं की मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याखालच्या मांसल भागाला कशी लागतात. हलकी टेकली तर माप बरोबर. रुतत असतील तर ग्रिप बारीक, मध्ये फट राहत असेल तर जाड. बारीक ग्रिपवर हात जास्त वळतात आणि बॉल डावीकडे जायची प्रवृत्ती असते, जाड ग्रिपवर हात अडकतात आणि बॉल उजवीकडे राहतो. प्रत्येकाचं असंच होते असं नाही, पण प्रो कडे स्लाइसची (बॉल उजवीकडे वळत जायची) तक्रार घेऊन जायच्या आधी हे एकदा तपासून घ्यायला काय जाते.

अंडरसाइज, स्टँडर्ड, मिडसाइज, जंबो असे साइज मिळतात, आणि मधलं माप हवं असेल तर ग्रिपखाली टेपचे एक-दोन जादा थर देऊन जाडी वाढवता येते. हे काम शिकलेला माणूस एका क्लबला काही मिनिटात करतो.

आता आपल्या नागपूरचं. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, सकाळी सहाला खेळायला निघालो तरी आठपर्यंत तळहात ओले होतात. गुळगुळीत रबरी ग्रिप घामाने सटकते, मग माणूस जोरात आवळतो, आणि आवळलं की मनगट आखडून स्विंग संपतो. ज्यांना जास्त घाम येतो त्यांनी कॉर्ड ग्रिप पाहावी, तिच्यात दोऱ्याची वीण असते, जरा खरखरीत लागते पण पकड सुटत नाही. महिन्यातून एकदा ग्रिप कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवून पुसून सावलीत वाळवा. आणि बाप्पा, उन्हाळ्यात क्लब गाडीच्या डिकीत ठेवून ऑफिसला जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते, ग्रिप कडक पडते आणि क्लबचं डोकं शाफ्टला ज्या इपॉक्सीने चिकटवलेलं असते ते वारंवारच्या उष्णतेने सैल पडू शकते.

४. आयर्नवरचा नंबर पाहू नका, लॉफ्ट पाहा

हे समजून घ्या कारण दुकानात इथेच फसगत होते. क्लबवर ७ लिहिलं आहे म्हणजे सगळ्या कंपन्यांचा ७ सारखा, असं नसते. एका कंपनीच्या ७ आयर्नचा लॉफ्ट ३४ डिग्री असतो, दुसरीच्या लांब मारणाऱ्या मॉडेलचा २८. सहा डिग्री म्हणजे जवळपास दीड क्लबचा फरक झाला. तुम्ही तुमचा जुना ७ मारता, मग दुकानदाराचा नवीन ७ मारता, बॉल पंधरा यार्ड पुढे जातो आणि वाटते काय भारी टेक्नॉलॉजी आहे, पण त्यातला बराचसा भाग तुम्ही न लिहिलेला ६ नंबर मारला म्हणून आहे. अशा सेटमध्ये पिचिंग वेज ४३-४४ डिग्रीचा असतो आणि सँड वेज ५४-५६ चा, म्हणजे मधे मोठी पोकळी, जी भरायला अजून एक ५० च्या आसपासचा गॅप वेज घ्यावा लागतो. हे बिल करताना कोणी सांगत नाही.

नवशिक्याने डोक्याचा आकार कॅव्हिटी बॅकच घ्यावा. मागून पोकळ केलेला असतो, वजन कडेला ढकललेलं असते, त्यामुळे बॉल मधोमध लागला नाही तरी क्लब कमी वळतो आणि अंतर कमी तुटते. पिंग कंपनी सुरू करणारे कार्स्टन सोल्हाइम मूळचे इंजिनिअर, कडेला वजन द्यायची ही कल्पना त्यांनी रुजवली आणि आज जवळजवळ सगळे नवीन लोक तिच्यावरच शिकतात. पातळ चकचकीत ब्लेड (मागून पोकळ नसलेला आयर्न) दिसायला फार सुंदर असते, ती नंतर. ३ आणि ४ आयर्नच्या ऐवजी हायब्रिड घ्या, यावर मला दुसरं मत ऐकायचंच नाही.

५. शाफ्ट

शाफ्टवर एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरं असतात, लेडीज, सीनियर, रेग्युलर, स्टिफ, एक्स्ट्रा स्टिफ. ढोबळ हिशोब असा की ड्रायव्हरच्या डोक्याचा स्पीड ताशी ८५ मैलांच्या खाली असेल तर सीनियर किंवा त्याहून मऊ, ८५ ते ९५ ला रेग्युलर, ९५ च्या वर स्टिफ. पण एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफइतका कडक निघू शकतो कारण या अक्षरांचं सगळ्यांना बांधणारं असं प्रमाण ठरलेलंच नाही. म्हणून अक्षर वाचून नाही, मारून ठरवा.

जिममध्ये जाणारी तरुण पोरं ताकद आहे म्हणून स्टिफ मागतात. ताकद वेगळी, क्लबच्या डोक्याचा वेग वेगळा. कडक शाफ्ट हळू स्विंगवर बॉल खाली आणि उजवीकडे ठेवतो. पन्नाशीच्या पुढे, किंवा कोपर-खांदा दुखत असेल, तर आयर्नमध्येही ग्रॅफाइट घ्यायला लाजू नका. स्टील शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅमचा असतो, ग्रॅफाइट बऱ्याचदा ५० ते ८० चा, आणि तो धक्काही कमी पोचवतो.

६. लाय अँगल, मार्करने तपासायचा

क्लब जमिनीवर ठेवल्यावर शाफ्ट जमिनीशी जो कोन करतो तो लाय. बॉल लागायच्या क्षणी क्लबच्या डोक्याचं टोक (शाफ्टपासून लांबची बाजू) वर उचललेलं असेल तर उजव्या खेळाडूचा बॉल डावीकडे जातो, टोक जमिनीत गेलं तर उजवीकडे. स्विंग चांगला करूनही बॉल सारखा एकाच बाजूला जात असेल तर दोष तुमचा नाही, क्लबचा असू शकतो.

स्टेशनरीच्या दुकानातून व्हाइटबोर्डचा मार्कर आणा. बॉलवर एक ठळक सरळ रेघ ओढा. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मॅटवर बॉल असा ठेवा की ती रेघ अगदी उभी आणि क्लबच्या फेसकडे तोंड करून राहील. नेहमीसारखा ७ आयर्नने मारा आणि फेस पाहा, रेघेचा ठसा उमटलेला दिसतो. क्लब डोळ्यासमोर असा धरा की फेसवरच्या खाचा आडव्या राहतील. रेघ उभी असेल तर लाय बरोबर आहे. रेघेचं वरचं टोक क्लबच्या टोकाकडे झुकलं असेल तर क्लब जास्त उभा आहे, शाफ्टच्या बाजूला झुकलं असेल तर जास्त आडवा. एका शॉटवर निकाल लावू नका, फेस पुसा, पुन्हा रेघ ओढा, आठ-दहा मारा, आणि जे जास्त वेळा दिसते ते धरा. याच ठशावरून बॉल फेसवर कुठे लागतो तेही कळते, आणि सारखा टोकाकडे किंवा सारखा शाफ्टकडे लागत असेल तर लांबीही एकदा परत पाहा.

दुरुस्ती फिटरकडे लॉफ्ट-लाय मशीनवर क्लब वाकवून होते. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न सहज वाकतात, कास्टमध्ये (साच्यात ओतलेल्यांत) मर्यादा असते, एक-दोन डिग्रीच्या पुढे धोका. घरी व्हाइसमध्ये धरून प्रयोग करू नका.

७. फिटिंगला जायचा दिवस

वरचं सगळं झालं की मग मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्लीकडच्या एखाद्या फिटिंग स्टुडिओची वेळ घ्या. नागपूरहून जाणं म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही, म्हणून तो दिवस वाया जाऊ द्यायचा नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, तेवढी गाडी चालवून किंवा रात्रभर ट्रेनमध्ये बसून थेट स्टुडिओत जाऊ नका, पाठ आखडलेली असते आणि तुमचा नेहमीचा स्विंग तिथे निघतच नाही. एक रात्र झोपा, मग जा. विमानाने जात असाल तर क्लब केबिनमध्ये नेता येत नाहीत, चेक-इनमध्येच द्यावे लागतात, तर सामानाचं वजन आधी पाहून घ्या.

सोबत स्वतःचे जुने क्लब, स्वतःचे बूट, ग्लोव्ह न्या आणि रोज खेळता तो बॉलही. गेल्या गेल्या बजेट सांगून टाका, चांगला फिटर त्यावर नाराज होत नाही. फोनवरच विचारून ठेवा की फिटिंगची फी सेट घेतला तर बिलातून वजा होते का, आणि फक्त एकाच कंपनीचे क्लब दाखवणार की तीन-चार. तुम्ही आठवड्यातून किती खेळता, काही दुखते का, शिकणं चालू आहे का, असं एकही न विचारता जो थेट महागडा ड्रायव्हर हातात देतो, तिथे फक्त माप घ्या आणि परत या.

लाँच मॉनिटरच्या (बॉल आणि क्लबचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनवर डोळे फिरतील एवढे आकडे येतात, ट्रॅकमॅन असो की दुसरं कोणतं. तुम्ही तीन पाहा. कॅरी, म्हणजे बॉल जमिनीला लागेपर्यंतचं अंतर, आणि तेही सगळ्या शॉटची सरासरी, एका भारी शॉटचं नाही. दुसरं, बॉल डावी-उजवीकडे किती पसरतात. तिसरं स्मॅश फॅक्टर, म्हणजे बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग, ड्रायव्हरवर याची वरची हद्द साधारण १.५ असते आणि १.४ च्या आसपास सातत्याने येत असेल तर नवशिक्यासाठी छान आहे. वीस यार्ड लांब पण दोन्हीकडे उधळणाऱ्या क्लबपेक्षा दहा यार्ड आखूड आणि सरळ जाणारा घ्या. आपल्याकडच्या कोर्सवर झाडीत गेलेला बॉल शोधण्यात अर्धी सकाळ जाते.

ड्रायव्हर शेवटी म्हटलं ते यासाठी की सगळ्यात महाग तोच, सगळ्यात लांब शाफ्ट त्याचाच, आणि स्विंग बदलला की सगळ्यात आधी निरुपयोगीही तोच होतो. नियमात डोक्याची मर्यादा ४६० सीसी आणि लांबीची ४८ इंच आहे, दुकानातले बहुतेक ड्रायव्हर ४५ ते ४६ इंचाचे. नवीन माणसाने ४६० सीसीचं डोकं, १०.५ ते १२ डिग्री लॉफ्ट आणि शक्य असेल तर अर्धा-एक इंच आखूड शाफ्ट असं पाहावं. ९ डिग्रीचा ड्रायव्हर टीव्हीवरच्या लोकांना शोभतो, त्यांचा वेग वेगळा असतो.

निघताना सगळी मापं कागदावर लिहून घ्या: प्रत्येक क्लबची लांबी, लॉफ्ट, लाय, शाफ्टचं नाव-वजन-फ्लेक्स, ग्रिपचा साइज. तोंडी "सर, सिस्टीममध्ये आहे" यावर थांबू नका. हाच कागद अमेरिकेतल्या भावाला पाठवा, मग त्याने आणलेला सेटही तुमच्या मापाचा येईल. डावखुऱ्यांनी तर हा कागद घेऊन ऑर्डरच द्यायची तयारी ठेवावी, तयार माल त्यांना क्वचित मिळतो.

८. वेज घेताना आपली माती आठवा

वेजच्या तळाला जो फुगीर भाग असतो त्याच्या कोनाला बाउन्स म्हणतात. बाउन्स जास्त, म्हणजे १० च्या वर, असेल तर क्लब मऊ मातीत, रेतीत रुतत नाही. कमी असेल तर कडक जमिनीवर बॉलखाली सरकतो. आता विदर्भातली काळी माती पाहा. एप्रिल-मेमध्ये जिथे पाणी पोचत नाही तिथे ती दगडासारखी होते, भेगा पडतात, आणि तिथून १४ बाउन्सचा वेज मारला की तळ जमिनीवर आपटून उसळतो आणि धार बॉलच्या मध्यात लागते, बॉल ग्रीनच्या पार पलीकडे. जुलैमध्ये तीच माती चिकट लोण्यासारखी, तिथे कमी बाउन्सचा वेज खणत जातो. दुकानातला सल्ला बहुतेक हिरव्यागार गवताच्या कोर्ससाठी दिलेला असतो. माझं मत असं की आपल्याकडे ५६ डिग्रीचा मध्यम बाउन्सचा, ८ ते १० चा, एक वेज घ्या, तो बाराही महिने निभावतो, आणि पुढे दुसरा घ्याल तेव्हा कमी बाउन्सचा घ्या. ६० डिग्रीचा लॉब वेज पहिल्या वर्षी नको.

९. पटर

दुकानात ३४-३५ इंचाचा उभा असतो म्हणून तोच घेतला जातो. साडेपाच फुटाच्या आसपासच्या बऱ्याच जणांना ३३ जास्त सोयीचा पडतो. नेहमीसारखे वाका, हात सैल सोडा, डोळे बॉलच्या बरोबर वर किंवा किंचित आत येतात का पाहा. हे पाहायला मशीन लागत नाही, त्यामुळे पटर नागपुरात बसूनही नीट निवडता येतो.

१०. जुना सेट आणि नकली माल

जुना घ्यायला काहीच हरकत नाही, उलट पहिला सेट जुनाच घ्या असं मी म्हणेन. डोकं आणि शाफ्ट जिथे जुळतात तिथला काळा प्लास्टिकचा रिंग वर सरकलेला आहे का, डोकं हातात पिळल्यावर कुरकुर करते का, वेजच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत का, ग्रॅफाइटवर चीर आहे का, हे पाहा. ग्रिप बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

नकली क्लब बाजारात खूप आहेत. किंमत निम्म्याहून कमी आणि माल सीलबंद नवा, असं असेल तर संशय घ्या. शाफ्टजवळचा सिरियल नंबर कंपनीला विचारून पडताळता येतो. अजून एक, नवीन ड्रायव्हरचा फेस बहुतेक टायटॅनियमचा किंवा कार्बनचा असतो, त्याला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर सोडून द्या.

सेट घरी आला की प्लास्टिक काढायच्या आधी तो कागद आणि टेप काढा. शाफ्टवरचं नाव आणि फ्लेक्स वाचा, ७ आयर्नची लांबी मोजा, ग्रिपच्या टोकावर छापलेला साइज जुळवा, आणि काही वेगळं निघालं तर फोटो काढून त्याच दिवशी दुकानाला कळवा, कारण एकदा मातीला लागलेला क्लब कोणी परत घेत नाही.